पान बसवणारा

"पण बंद का केलंत, ऐया?"

ऐयांनी नदीकडे तोंड फिरवलं. समोर कावेरीचं पात्र. पाणी थोडं, वाळूच जास्त.

विचारणारा अरुणगिरी. मद्रासच्या एका मोठ्या दैनिकाचा संपादक, नाव कमावलेला माणूस. ज्यांना विचारत होता ते सेतुरामय्या. तंजावरजवळ तिरुवैयारूला एका मठाच्या ओसरीवर राहत, गाव त्यांना नुसतं ऐया म्हणे. एके काळी त्यांनी कुंभकोणमहून 'सुवैप्पेट्टी' नावाचं तमिळ मासिक काढलं होतं. म्हणजे चवींची पेटी. पंचांग आणि पुराण सोडलं तर घरात छापील कागद नसायचा, त्या काळातली ही गोष्ट. पेटीत गोष्ट असे, गाणं असे, कोडं, विनोद, पाकक्रिया, आणि 'पाट्टी वैद्यम', म्हणजे आपला आजीबाईचा बटवा. ते वाचता यावं म्हणून बायका अक्षरं गिरवायला लागल्या होत्या. असं मासिक भर बहरात एकाएकी थांबलं. का, ते कोणालाच कळलं नाही.

अरुणगिरी तेव्हा ऐयांच्या हाताखाली होता. काम एकच, पान बसवणं. मजकूर वाढला की कापायचा, कमी पडला की भरायचा. हात असा की कापलेलं कळायचंसुद्धा नाही. हुशार होता, वादच नाही. पण हुशारी मिरवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे, हेही सांगून टाकतो.

"मासिकाचा इतिहास लिहिलाय मी," तो म्हणाला. "शेवटचं प्रकरण अडलंय. लोक म्हणतात, गोऱ्या सरकारने दम दिला आणि तुम्ही शेपूट घातलंत."

"तू काय लिहिलंस?"

"तेच. तुम्ही भ्यालात. दुसरं कारण असेल तर आज सांगा. पुस्तक छपाईला चाललंय."

"आणि तुझ्याबद्दल काय लिहिलंस?"

"एक प्रकरण आहे. छोटंसंच. विनोदाला मी कधी कात्री लावली नाही, ते त्यात आहे. वाचक हसला पाहिजे, बाकी काय कापायचं ते कापा. माझा नियमच होता तो."

"हो. होता खरा," ऐया म्हणाले.

मग ते उठले. प्रवासाने अरुणगिरीचा गुडघा सुजला होता, पायऱ्या चढताना तो कण्हला होता. ऐयांनी ते पाहिलं होतं. अंगणातल्या एका झुडपाची पानं त्यांनी तोडली, पाट्यावर वाटली, आणि तो हिरवा गोळा केळीच्या पानावर ठेवून त्याच्यापुढे सरकवला.

"घे."

अरुणगिरीने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे पोटात घ्यायचं की लावायचं?"

ऐया त्याच्याकडे बघत राहिले...

"धोतरा आहे. सुजेवर लावायचा. पोटात गेला तर विष. लहान मूल तर वाचतच नाही."

"मग हे आधी नको सांगायला, ऐया? मी खाल्लं असतं म्हणजे?"

"सांगितलं होतं..." ऐया म्हणाले. "शेवटच्या दोन ओळींत."

अरुणगिरीला काही कळेना.

"पाट्टी वैद्यम. गालगुंडावर धोतऱ्याचा पाला. पाला वाटून रस काढावा, इथपर्यंत छापलं गेलं. खाली आणखी दोन ओळी होत्या. फक्त वरून लावावा, पोटात देऊ नये. मीच लिहिल्या होत्या. पानात बसत नव्हत्या. त्याखाली विनोद होता."

तो विनोद अरुणगिरीला आठवला. सासरी मुक्काम ठोकून बसलेल्या जावयाचा. पान फार सुरेख बसलं होतं, लोकांनी कौतुक केलं होतं.

"वळ्ळियम्मै नावाची बाई आली होती कचेरीत," ऐया म्हणाले. "तू जेवायला गेला होतास. वाचायला आपल्याच मासिकावर शिकली होती ती. ओरडली नाही. अंक उघडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, यात आहे तसंच केलं हो, ऐया. माझं कुठे चुकलं ते दाखवा... एकच मुलगी होती तिला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तुझं काही चुकलं नाही, म्हटलं. दुसरं काय सांगणार? पुढचा अंक जुळवून तयार होता. अक्षरांचे सगळे खिळे सोडवायला लावले."

इथे मला अरुणगिरीची कीव येते. आणि रागही येतो, कारण यावर त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला बघा.

"मी कापलं, हे कोणाला माहीत आहे?"

"मला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू पोर होतास. ऐकून पुन्हा उभा राहिला नसतास. आणि छापण्याआधी ते पान मी तपासलं होतं. विनोद वाचला, हसलो, आणि खाली सही केली."



ऐयांनी तो हिरवा गोळा उचलला, अरुणगिरीची लुंगीसारखी वेष्टी वर सरकवली आणि त्याच्या गुडघ्यावर हलक्या हाताने थापला. अरुणगिरी रडत होता. नाक ओढत, पोरासारखा.

"ते भ्याल्याचं... काढून टाकतो, ऐया."

"राहू दे. खरं आहे ते. त्या दिवसापासून छापील अक्षराची भीतीच बसली मला."

"मग वळ्ळियम्मैचं लिहू?"

"लिही."

"आणि... कापणाऱ्याचं नाव?"

ऐयांनी तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले. नखांतलं हिरवं निघेपर्यंत धुतले. मग म्हणाले,

"पानात बसत असेल तर घाल."