खैऱ्याने राखलेली हद्द

पूर्वी विदेह देशात सुवर्चस राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रानाकाठच्या एका गावात बैलाच्या जन्माला आले. माणसाच्या जन्माला आले असते तर त्या गावात एक तरी शहाणा माणूस निघाला असता. पण ते असो.

रान राजाचं, चराई साऱ्या गावाची. रीत अशी, की पावसाळ्यात अर्धं रान मोकळं आणि अर्धं बंद ठेवायचं. बंद रानातलं गवत उन्हाळ्यासाठी. बंदीच्या दिवशी कळपाच्या पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा बांधून त्याला हद्दीवरून चालवत, आणि तो जिथून जाई तिथल्या झाडांना गवताच्या जुड्या बांधत. त्या वर्षी तो मान खैऱ्याचा, म्हणजे बोधिसत्त्वांचा होता. त्यांचा मालक उग्रक हा गावचा मुखिया.

आठ दिवस झाले नाहीत तोच उग्रकाने एक जुडी सोडून आतल्या झाडाला बांधली. "एका झाडानं काय होतंय?" म्हणाला. बरोबरच आहे, एका झाडानं काही होत नाही! पण ते दुसऱ्यानं पाहिलं, तिसऱ्यानं पाहिलं. प्रत्येकानं एकेकच झाड सरकवलं हो, दोन कुणीच नाही. महिन्याभरात बंद रान खळ्याएवढं उरलं.

कळप मात्र घंटेमागून चालतो. खैऱ्या जुन्या हद्दीशी येऊन थांबला, की मागची सगळी गुरं थांबत. समोर पोटाला लागेल एवढं गवत, आणि हा जागचा हलेना. उग्रक काठी घेऊन धावत आला.

"अरे मेल्या, जुड्या तिकडे लांब आहेत! इथे कशाला अडलास?"

बोधिसत्त्व म्हणाले, "मला तू इथूनच चालवलंस, उग्रका. मला चार पाय असून मी हललो नाही. जुड्यांना कुठून पाय फुटले?"

"सगळ्यांनीच सरकवल्या!"

"मग उन्हाळ्यात सगळेच काय खाणार?"

उग्रकाने काठी मोडेपर्यंत मारलं. मग ओरडला, "उद्या आत पाऊल टाकलं नाहीस तर तेल्याच्या घाण्याला देईन."

"दे. तिथलं रिंगण तरी रोज कुणी सरकवणार नाही."

खैऱ्या घाण्याला गेला. घंटा दुसऱ्या बैलाच्या गळ्यात आली आणि पंधरा दिवसांत रान साफ झालं.

उन्हाळा लागला. रानात काडी नाही. कुणी गुरं परमुलुखात हाकलली, कुणाची वाटेतच गेली. उग्रकाची गाभण गाय गोठ्यात बसली ती उठेना. तेव्हा मुखिया तेल्याच्या दारात आला आणि ओंजळभर पेंड मागू लागला.

तेली म्हणाला, "होती ती गावात वाटून टाकली, बाबा. उरली आहे ती खैऱ्याच्या पाटीत. ती त्याची."

बोधिसत्त्वांना त्याचा राग आला नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी मान खाली घालून शिंगाने पाटी उग्रकाकडे लोटली.

"घे. सरकवायची एवढी हौस आहे ना, मग ही सरकव तुझ्या गायीपुढे. उद्याही ये."

पाऊस पडेपर्यंत तो रोज आला. बोधिसत्त्व पालापाचोळा खाऊन घाणा ओढत राहिले. गाय वाचली, व्याली. बंदीच्या दिवशी उग्रक हाडं वर आलेल्या खैऱ्याला परत घेऊन आला, घंटा आपल्या हाताने बांधली आणि जुन्या हद्दीवरून त्याच्या मागोमाग अनवाणी चालला. त्या वर्षी एकही जुडी हलली नाही.

विहाराच्या आमराईचं कुंपण कुणीतरी आंब्यांसाठी रोज वीतभर आत घेत होतं, म्हणून शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, भिक्खूंना ही कथा सांगितली. शेवटी म्हणाले, "तेव्हाचा तेली म्हणजे आजचा भिक्खू आनंद. उग्रक म्हणजे मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेला हा भिक्खू. आणि खैऱ्या मीच होतो."

अशा सोसण्याला क्षांतीची पारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता, म्हणतात. माणसांना ती शिकवायला एका बैलाला उपाशी राहावं लागलं.