वेशीवरचा चेंडू

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या खापरपणजोबांनाही दात यायचे होते तेव्हा, डोंगरांच्या एका राज्यात पायचेंडूचा खेळ खेळत असत. नाक मुरडू नका. चेंडू चामड्याचा, आत भाताचा पेंढा कोंबलेला, आणि भिजला की इतका जड, की एकाने तो डोक्याने उडवला तर त्याची मान सरळ व्हायला दसरा उजाडला. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब पुरलेले असत. त्यांना वेस म्हणायचे. चेंडू समोरच्यांच्या वेशीतून पार गेला, की ‘वेस मारली’. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्याने मला सांगितलं तो दिवसातून एकदाच खोटं बोलायचा, आणि त्या दिवशीचं त्याचं सकाळीच बोलून झालं होतं.

त्या राज्यात माथेवाडी नावाचं गाव होतं. डोंगराच्या अगदी माथ्यावर. वाऱ्याला पहिलं आणि पाण्याला शेवटचं. विहीर खणली की दगड लागे, आणखी खणली की आणखी मोठा दगड लागे. गावच्या बायका डोंगर उतरून तळवाडीच्या झऱ्यावर जात आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन चढ चढत. पुरुषांनी हंडा उचलायचा नाही, असा त्या गावात पुरुषांचा मान होता.

या गावात हैबती राहायचा. त्याची बायको सारजा. आदल्या उन्हाळ्यात सारजा त्या चढावर घसरली. हंडा फुटला, तो फुटला, पोटातलं बाळही गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. डोक्यावरचा हंडा मात्र काही उतरला नव्हता.

तेवढ्यात राजाने डोंगरातल्या मोठ्या तळ्यातून पाट काढायचं ठरवलं. पाट एकच निघणार होता आणि मागणारी गावं पुष्कळ. गावं दरबारात येऊन इतकी भांडली, की राजाच्या कानात मधमाश्यांनी घर केलं.

राजा म्हणाला, “भांडू नका, खेळा. प्रत्येक गावाने प्रत्येक गावाशी एकेक सामना खेळायचा. सगळ्यांत वरचढ ठरेल, त्या गावाला पाट.”

आता हैबतीचे पाय म्हणजे पाय नव्हते. तो धावला की त्याची सावली मागे राहायची आणि संध्याकाळी धापा टाकत घरी यायची. त्याच्या जोरावर माथेवाडी एकामागून एक सामने मारत गेली. शेवटी दोनच गावं पुढे राहिली. एक माथेवाडी आणि दुसरं काठापूर. काठापूरच्या दारातून नदी वाहत होती, तरी त्यांना उसासाठी आणखी पाणी हवं होतं. त्यांचे सामने संपले होते. माथेवाडीचा एकच उरला होता. तो जिंकला, तर पाट माथेवाडीचा. हरला किंवा बरोबरीत सुटला, तर काठापूरचा.

आणि तो शेवटचा सामना कोणाशी होता? तळवाडीशी!

तळवाडी तोवर सगळे सामने हरली होती. त्यांची वेस राखायला गेनूआजा उभा राहायचा, आणि त्याला चेंडू वेशीतून पार झाल्यावरच दिसायचा. त्यात भट्ट्या लावायचे दिवस. तळवाडीचे कुंभार कामात अडकलेले. अकरा गडी काही जमेनात. दहा जमले. अकरावं त्यांनी माती वाहणारं गाढव उभं केलं. सामन्याचा निवाडा करायला राजाचा कारभारी आला होता. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “गाढवाला मनाई आहे असं काही राजेसाहेब बोलले नव्हते.”

ही बातमी कळताच माथेवाडीची चावडी हसून हसून लोळली. हसून झाल्यावर पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, “मंडळी, सामना जिंकल्यातच जमा आहे. प्रश्न एवढाच, की पहिल्या वेशीचा मान कोणाचा?”

काठापूरशी खेळताना हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता. कामाला काटे असले की मान कोणाला आठवत नाही.

अधिक महिना चालू होता. या महिन्यात जावयाला बोलावून, त्याचे पाय धुऊन त्याला अनारसे खाऊ घालतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाटलांचे नवे जावई त्याच सुमारास येऊन पोचले होते. त्यामुळे चावडीला फार विचार करावा लागला नाही. पहिली वेस जावईबापूंनी मारायची. त्यांनी नारळ फोडला, की मग बाकीच्यांनी हव्या तितक्या माराव्यात.

हैबतीने भीत भीत विचारलं, “पाटील, जावईबापू खेळलेत का कधी?”

“खेळायचंय काय त्यात? समोर कोण आहे? एक आंधळा म्हातारा आणि एक गाढव!”

“पण समजा, माझ्या पायाशी चेंडू आला…”

“तर जावईबापूंकडे द्यायचा. भावकीत राहायचंय ना तुला?”

भावकीपुढे वाऱ्याचे पायही मातीचे होतात.

दुसऱ्या दिवशी माथेवाडीच्या माळावर सामना सुरू झाला. सूर्य पलीकडच्या सुळक्याआड गेला की नगारा वाजणार आणि खेळ संपणार. सारजा पहाटेच झऱ्यावर जाऊन खेळणाऱ्यांसाठी हंडा भरून घेऊन आली होती आणि माळाच्या कडेला बसली होती.

पहिल्याच धावेत हैबतीने चौघांना मागे टाकलं. समोर वेस, वेशीत गेनूआजा, आणि गेनूआजा भलतीकडेच बघतोय. हैबतीने पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि चेंडू मागे जावईबापूंकडे ढकलला. जावईबापूंनी जोर लावून लाथ हाणली. चेंडू जागेवरच राहिला, पायातला जोडा मात्र गरगरत जाऊन वेशीतून पार झाला.

माथेवाडीने हलग्या वाजवल्या. कारभारी म्हणाला, “जोडा गेला. चेंडू इथेच आहे.”

दुसऱ्या खेपेला चेंडू जावईबापूंच्या पायाला लागला, हे त्यांचं भाग्य. तो नेमका गाढवाच्या पोटावर आपटून परत आला. गाढवाने कान हलवले, बाकी काही नाही. तिसऱ्या खेपेला जावईबापू चेंडूपर्यंत पोचलेच नाहीत. अनारसे फार झाले होते.

मग असंच चाललं. चेंडू वेशीपाशी जाई आणि माघारी येई. हैबतीपाशी चेंडू आला की लोक ओरडत, “जावईबापूंना दे!” जावईबापूंपाशी आला की ओरडत, “वाहवा!” तो वाया गेला की कोणीच काही ओरडत नसे. तळवाडीचे गडी बिचारे चेंडू दिसेल तिकडे धावत होते, पडत होते, उठत होते. त्यांना वाटलं, आज आपण बरे खेळतोय.

अर्ध्यावर खेळ थांबला. माथेवाडीच्या पोरांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. हैबती हंड्याकडे धावला. पाटलांनी हात आडवा केला.

“आधी जावईबापूंचे पाय धुवा. धूळ बघा किती बसलीय!”

सारजाने पहाटे चढावरून आणलेलं पाणी जावईबापूंच्या पायांवर ओतलं गेलं. माळाच्या मातीने ते तिथल्या तिथे पिऊन टाकलं. तळाशी उरलेलं घोटभर पाणी त्यांनी चूळ भरायला घेतलं.

सारजाने रिकामा हंडा उचलला आणि नवऱ्याकडे पाहिलं. “अवो, ह्यांना मान द्यायचा तर द्या. पन वेस तुम्ही मारा. मी पाया पडते तुमच्या.”

“मारतील गं ते,” हैबती म्हणाला. “अजून उन्हं आहेत.”

उन्हं होती. पण उन्हाला कोणाचा मान राखायचा नसतो. ती उतरत गेली.

सुळक्याच्या टोकाला सूर्य टेकला, तेव्हा हैबतीने शेवटची धाव घेतली. तशी धाव त्या राज्यात पुन्हा कोणी पाहिली नाही. दोघे आपटले, तिघे एकमेकांवर आदळले. गाढव कंटाळून वेशीमागच्या गवताकडे निघून गेलं होतं. गेनूआजा दोन्ही हात पसरून पुढे आला, स्वतःच्याच धोतरात अडकला आणि पडला. चेंडू त्याच्या अंगावरून हळूहळू घरंगळत गेला, आणि वेशीच्या रेषेच्या फक्त एक वीत अलीकडे थांबला.

वेस मोकळी. चेंडू रेषेपाशी. हैबती त्याच्या शेजारी उभा. फुंकर मारली असती तरी भागलं असतं.

“हैबती, थांब!” पाटील ओरडले. “जावईबापू येतायत!”

जावईबापू येत होते. लग्नात नवरदेव मांडवाकडे येतो तसे येत होते. वाटेत फेटा सुटला. तो बांधायला दोघे धावले. तिसऱ्याने त्यांचा जोडा झटकून दिला.

“अवो, मारा की!” माळाच्या कडेवरून सारजाचा आवाज फाटला. “बघत काय ऱ्हायलाय? मारा!”

गेनूआजा जमिनीवर पडल्या पडल्याच म्हणाला, “पोरा, मी पडलोय. आता मला उठवत न्हाय. तुझी बायको रोज आमच्या झऱ्यावर येती, जाताना धा ठिकाणी बसती. हरायची आमाला सवय हाय. मार.”

हैबतीने पाय उचलला. त्याने पाटलांकडे पाहिलं. पाटलांमागे उभ्या भावकीकडे पाहिलं. उचललेला पाय त्याने चेंडूच्या शेजारी खाली ठेवला.

जावईबापू पोचले. त्यांनी फेटा सावरला. चेंडूला पाय लावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा, असं त्यांना वाटलं. त्यांचंही चुकलं नाही, घरचे संस्कारच तसे होते. ते सासऱ्यांकडे वळले, वाकले, आणि नगारा वाजला.

सूर्य सुळक्याआड गेला होता.

माळावर इतकी शांतता पसरली, की गाढव गवत चावत होतं तेही ऐकू येत होतं. गाढवाने मान वर केली. आतल्या पेंढ्याच्या वासावर ते चेंडूपाशी आलं, हुंगलं, आणि नाकाने त्याला हलकेच ढकललं. चेंडू वेशीतून पार झाला. गाढवाला मान ठाऊक नव्हता. वेळही ठाऊक नव्हती, एवढंच वाईट झालं.

कारभारी म्हणाला, “बरोबरी. पाट काठापूरचा.”

अब्रू वेशीवर टांगली गेली, असं आपण म्हणतो ना? ते म्हणणं तिथूनच निघालं असावं. खरं-खोटं तुम्हीच शोधा.

पाटलांनी सगळा दोष हैबतीवर ठेवला. म्हणे, त्याने चेंडू जरा मागे थांबवला असता, तर जावईबापूंना एवढं चालावं लागलं नसतं. भावकीने माना डोलावल्या. ज्या भावकीसाठी हैबतीने पाय आवरला, तिने त्याला चावडीवर बसूही दिलं नाही.

पाट निघाला, तो माथेवाडीच्या डोंगराला वळसा घालून काठापूरला गेला. मधला कडा असा सरळसोट होता, की दोर सोडला तरी पाण्याला पोचत नसे. वारा पडला की पाण्याचा आवाज तेवढा वर यायचा. तहानेली पोरं कड्यावर बसून तो ऐकायची.

एक दिवस सारजा चढावर मध्येच बसली. हंडा खाली ठेवला. तिला उठवेना. हैबती तिला शोधत उतरला.

ती म्हणाली, “एक इचारू? पाय उचलला होतात. खाली का ठेवलात?”

“मान माझा नव्हता, सारजा.”

“मान तुमचा नव्हता, खरंय,” ती म्हणाली. “मग तहान कुणाची होती?”

हैबतीने वाकून हंडा उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. माथेवाडीच्या पुरुषाच्या डोक्यावर चढलेला तो पहिला हंडा. पण तो घेऊन हैबती वर गेला नाही. सारजाचा हात धरून तो खाली तळवाडीकडे चालू लागला.

त्यांच्यामागे एकेक घर उतरत गेलं. शेवटी शेवटी तर गाव सोडताना गावच्या वेशीतून आधी कोणी बाहेर पडायचं, यावरही चावडी भरली, आणि ती भरलेली असतानाच निम्मं गाव मागच्या वाटेने निघून गेलं. पाटील तेवढे मागे राहिले. पुढच्या अधिक महिन्यात त्यांनी जावयाला सांगावा धाडला. जावईबापू आले नाहीत. त्यांनी उलट निरोप पाठवला, “तुमच्याकडे पाय धुवायलाही पाणी नसतं.”

आज त्या माळावर दोन खांब आहेत आणि त्यांच्यामधून वारा जातो. बाकी तिथे काही नाही.

म्हणून पोरांनो, आणि पोरांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: तहान जेव्हा साऱ्यांची असते, तेव्हा मान कोणाचा हे विचारत बसू नये.