दाताळ्याचे दोन नवे दात

किनाऱ्यावरच्या खडकांवर शेवाळ कमरेइतके वाढत असे, तेव्हाची ही गोष्ट. गावातला म्हातारा विळा ओहोटीला तिथे जाई आणि बुडाशी वीतभर शेवाळ ठेवून वरचेच कापी. कापलेले माडांना खत म्हणून जाई, ठेवलेले पुढच्या हंगामात पुन्हा वाढे.

एके वर्षी गावात लोखंडी दाताळे आले. त्याने एका ओहोटीत अख्खा खडक खरवडून काढला.

"अरे, शेवाळाला मुळं नसतात," विळा कळवळला. "बुडाने खडक धरून ते जगतं. तेवढं बूड तरी सोड!"

"आजोबा, तुमची एक टोपली होते तोवर माझ्या चार होतात," दाताळे हसले. "बूड तुम्हीच सांभाळत बसा."

पुढच्या वर्षी खडक बोडकाच राहिला. मासे अंडी घालायला आले आणि तसेच परत गेले. गावकऱ्यांनी बैठक घेऊन ठरवले, की दाताळे लहान पडते आहे. लोहाराने विळा तापवून, ठोकून दाताळ्याला दोन जास्तीचे दात बसवले.

दाताळे पलीकडच्या खडकावर उतरले, तेव्हा शेवाळाने ते जुने लोखंड ओळखले.

"आजोबा, तुम्ही आलात? मग वीतभर ठेवाल ना?"