कालची कणीक

नदीकाठच्या एका देवळात एकदा एक वृद्ध पखवाजवादक सेवेला होते. त्यांचा शिष्य वैजनाथ बारा वर्षे शिकला, तेव्हा कुठे त्याला उत्सवात गवयाला एकट्याने साथ करण्याची आज्ञा झाली.

आदल्या संध्याकाळी त्याने पखवाजाच्या डाव्या तोंडावरच्या कातडी पुडीवर कणीक थापली, वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकत उजवी पुडी सुरात आणली आणि पहिल्याच थापेला तो स्वतः थबकला. असा नाद त्याच्या हातून कधी उमटला नव्हता. वाजवून झाले की कणीक खरवडायची, गठ्ठे सैल करायचे, हा तिथला रोजचा नेम. त्या दिवशी मात्र त्याचा हात धजेना. न जाणो, उद्या हा सूर सापडलाच नाही तर? ताणलेल्या पखवाजावर त्याने तशीच शाल पांघरली आणि तो नाद कानात घेऊन पडून राहिला. झोप कसली येते!

पहाटे नदीवरून धुके आले. पायऱ्या, घंटा, कळस, सगळे त्यात विरघळून गेले. आतून ठक् ठक् ऐकू आले तसा वैजनाथ धावला. गुरुजी गठ्ठे सैल करत होते. वाळलेली कणीक ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवत होते.

"गुरुजी, हे काय केलंत! थोड्या वेळात गवई येतील."

"पुडीला कान लाव," गुरुजी म्हणाले. सैल होणारे कातडे आतल्या आत बारीक कुरकुरत होते.

"रात्रभर आवळून धरलंस रे तिला! कणीक वाळून कातडं ओढत होती. अजून थोडा वेळ जाता तर फाटलंच असतं. कालचा सूर कालच्या हवेचा होता. आज धुकं आहे, कातडं ओलसर आहे, गवयाचा गळाही जड असेल. त्याला विचार आणि नव्यानं मिळव. बारा वर्षं मी तुला सूर नाही दिला, तो मिळवायला शिकवलंय. आता घडीभर नीज. तूही रात्रभर ताणलेलाच आहेस."

वैजनाथला हसू आले आणि रडूही. तो तिथेच फरशीवर झोपी गेला.

जाग आली तेव्हा धुक्यात ऊन मिसळले होते. गवयाने षड्ज लावला, तो कालच्याहून किंचित खाली होता. वैजनाथने ताजी कणीक थापून पखवाज त्या सुराला मिळवला आणि निर्धास्तपणे वाजवला.

उत्सव सरला. लोक कौतुक करायला भोवती जमले, तरी त्याने आधी गठ्ठे सैल केले, कणीक खरवडली आणि पायऱ्या उतरून माशांना घातली. उद्यासाठी त्याने काहीच राखून ठेवले नाही.