स्वयंपाकघरातला कवडसा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा घड्याळे नव्हती, माणसे उजेड आणि सावली पाहून वेळ ओळखत. लहानांनी ही गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी, विशेषतः शिकवणाऱ्यांनी, जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

डोंगराळ मुलखात एक राजा होता. गावोगावच्या शाळांत तल्लख मुले कंटाळून जातात, असे त्याच्या कानावर आले. म्हणून त्याने नदीकाठी एक पाठशाळा बांधली, राज्यातून बारा तल्लख मुले निवडली आणि त्यांच्यासाठी एक नामांकित गुरुजी नेमले.

"दसऱ्याला सुरुवात करा," राजा म्हणाला. "संक्रांतीला मी येईन. मुलांची बुद्धी वाढलेली दिसली तर पाठशाळा कायम राहील. नाही तर मुलं घरी जातील."

त्या बारांत येसू नावाची धनगराची मुलगी होती. वय नऊ. कळप वाड्यात शिरताना ती नुसती नजर टाकायची आणि कोणती मेंढी मागे राहिली ते सांगायची. तिच्या वस्तीवर शिकवणारे कोणीच नव्हते. तिचा बाप तीन दिवस चालून तिला पोहोचवायला आला होता. जाताना तो म्हणाला, "नीट शीक पोरी. हे दार मिटलं तर आपल्याला दुसरं दार नाही."

पहिल्या दिवशी गुरुजींनी शेत मोजण्याची दहा गणिते घातली. बाकीच्यांची पाच होईपर्यंत येसूने धूळपाटी पुसूनही टाकली.

"झाली? शाब्बास!" गुरुजी खूश झाले. "मग ही घे आणखी दहा."

तीही तशीच होती, फक्त शेते वेगळी. ती झाली, तशी आणखी दहा आली. मुले नदीवर खेळायला गेली, तेव्हा येसू तिसावे शेत मोजत बसली होती.

गुरुजी वाईट नव्हते. तल्लख मुलाला जास्त द्यावे, असे त्यांना मनापासून वाटे. पण जास्त म्हणजे नेमके काय, हे त्यांनी कधी स्वतःला विचारले नव्हते.

आठ दिवसांत येसू शहाणी झाली. ती सावकाश गणिते सोडवू लागली. मध्येच पाणी प्यायला उठे. एखादे मुद्दाम चुकवी. तिचे पाहून बाकीची मुलेही तेच शिकली. आता सगळ्यांची दहा गणिते बरोबर सुट्टीच्या वेळी संपत.

गुरुजी काळजीत पडले. त्यांनी सराव वाढवला. मुले आणखी मंद झाली. शेवटी त्यांनी ठरवले, की निवडच चुकली. सगळ्यात मागे पडलेल्या दोन मुलांना त्यांनी घरी पाठवून दिले. तिसरी पाळी येसूची होती.

ते स्वयंपाकघरात गेले. तिथे एक म्हातारी आजी सगळ्यांचा स्वयंपाक करायची.

"आजी, येसूला वाटेसाठी भाकऱ्या बांधून द्या. उद्या तिला घरी धाडायचं आहे."

"धाडा की," आजी म्हणाल्या. "पण आधी माझी भिंत सारवून घ्या तिच्याकडून. दसऱ्यापासून कोळशाने रेघोट्या ओढतेय कार्टी."

गुरुजींनी पाहिले. छपराच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवर पडला होता. खुंटीच्या खाली, एकावर एक, कोळशाच्या खुणा होत्या. खालच्या खुणांत वीतभर अंतर होते. वर वर जाताना ते कमी होत गेले होते. शेवटच्या दोन खुणांत जेमतेम चार बोटे उरली होती.

त्यांनी येसूला बोलावले. "हे काय आहे?"

येसू घाबरली. "दर बाजाराच्या दिवशी, कवडसा खुंटीखाली आला की मी खूण करते. तो वर चढतोय, पण आता दमलाय. पुढच्या बाजाराला दोनच बोटं चढेल. त्याच्या पुढच्या बाजाराला थांबेल. मग खाली उतरेल."

"कशावरून?"

"कळप डोंगर चढताना असाच हळू होतो ना, गुरुजी. माथ्यावर थांबतो. मग उतरताना पुन्हा वेग धरतो." तिने वरून दुसऱ्या खुणेवर बोट ठेवले. "संक्रांतीला कवडसा इथे परत आलेला असेल."

गुरुजींनी खुणांमधली अंतरे स्वतःच्या बोटांनी मोजून पाहिली. "अगं, मग हे मला का नाही सांगितलंस?"

येसू खाली मान घालून म्हणाली, "सांगितलं असतं, तर तुम्ही अशा आणखी दहा भिंती दिल्या असत्या."

आजी फिसकन हसल्या. गुरुजी हसले नाहीत. ते तिथेच चुलीपाशी बसले.

"भाकऱ्या नकोत, आजी," ते म्हणाले. मग येसूला विचारले, "कवडसा का थांबतो, ते माहीत आहे तुला?"

"नाही."

"मलाही नाही. उद्यापासून आपण सगळे तेच शोधू."

संक्रांतीला राजा आला. गुरुजी त्याला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. आता कोळशाने दहाही मुलांचे हात काळे झालेले होते. येसूने सांगितल्याप्रमाणे कवडसा दोन बोटे चढला होता, थांबला होता आणि उतरूही लागला होता.

"मी परीक्षा घ्यायला आलोय, जेवायला नाही," राजा म्हणाला.

"महाराज, जरा बाजूला सरका," आजी म्हणाल्या. "उजेड अडतोय."

राजा सरकला. कवडसा हळूहळू खुंटीकडे सरकत आला. कवडसा खुंटीखाली पोचला आणि येसूने महिन्यापूर्वी बोट ठेवलेल्या खुणेवर येऊन बसला.

राजाने सगळी हकीकत ऐकली. गुरुजींनी स्वतःची चूकही लपवली नाही. पाठशाळा कायम झाली. त्या दिवसापासून तिथे एक रीत पडली. ज्याचे काम आधी होई, त्याला तेच काम पुन्हा मिळत नसे. त्याने गुरुजींना न येणारा एक प्रश्न शोधून आणायचा असे.

घरी पाठवलेल्या दोन मुलांना आणायला गुरुजी स्वतः पायी गेले. एक मुलगा परत आला. दुसऱ्याने दार उघडले नाही. आतूनच तो म्हणाला, "मी मंद आहे, गुरुजी. तुम्हीच तर सांगितलंत."

गुरुजी त्या दारापाशी दर वर्षी जात राहिले.

तात्पर्य : हुशारीचे बक्षीस म्हणून तेच ओझे पुन्हा पाठीवर ठेवले, तर मूल सगळ्यात आधी हुशारी लपवायला शिकते.