चिमा कुंभारणीची नववी दोरी

माती ओळखण्यात माझ्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत नाही. डोळे बांधा, चिमूटभर जिभेवर ठेवा, कुठल्या शिवारातली ते सांगतो. मागच्या पोळ्याला पोरांनी डोळे बांधले, मी चाखली आणि ऐटीत म्हणालो, "नदीकाठचा पोयटा, वरच्या अंगाचा." ती इस्त्रीवाल्याच्या कोळशाची राख होती. तेव्हापासून मी मातीबद्दल बोलतो, चाखत नाही. खरी चाखणारी एकच होऊन गेली, चिमा कुंभारीण.

बसा असे जवळ. मास्तर, तुम्हीही बसा. तुमच्या पुस्तकात ही गोष्ट नाही म्हणून खोटी समजू नका. तुमच्या पुस्तकात तुम्हीही नाही.

आपल्या बोरखळीला ना सडक होती ना शाळा, आणि माझ्या पणज्याच्या पणज्याला अजून मिसरूड फुटायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. गाव तेव्हाही इथंच होतं, या बरड माळावर. इथून ते एकदा उठलं आणि इथंच परत आलं. जाताना गेले तेवढे परत आले नाहीत.

चिमा मडकी करायची, आणि मडक्यासाठी माती शोधत सगळं शिवार तुडवायची. जिथं थांबेल तिथं हातभर खड्डा घ्यायची. माती तळहातावर घेऊन तिची वळी वळायची, किती बारीक होते ते बघायची. मग जिभेवर ठेवायची. मग एक ढेकूळ गाडग्यातल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवायची. एवढ्यानं समाधान नाही झालं तर त्या मातीची पणती करून आव्यात भाजायची. आगीतून निघाल्यावर मातीला खोटं बोलता येत नाही, असं ती म्हणायची.

आणि तिच्या अंगणात एक दगडी उखळ होतं. पाऊस पडून गेला की ती उखळात बोट घाली. जेवढी पेरं पाणी, तेवढ्या गाठी सुताच्या दोरीला. नक्षत्र बदललं की एक लाल चिंधी. मृगापासून हत्तीपर्यंत, म्हणजे हस्त नक्षत्र सरेपर्यंत, एका वर्षाची एक दोरी. अशा आठ दोऱ्या तिच्या आढ्याला टांगलेल्या होत्या. शेवटच्या शेवटच्या दोऱ्यांना तर गाठींपेक्षा चिंध्या जास्त होत्या, असं म्हणतात.

म्हणजे पाऊस नव्हता. माळावरचा आड आटला. बाया कोसभर जाऊन झऱ्यात वाटी धरून बसायच्या. गुरं विकली, मग मेली, मग विकायलाही उरली नाहीत. शेवटी पाटील चिमाच्या दारात आला. पाटील कुंभारणीच्या दारात आला यावरून ओळखा, घसा किती सुकला असेल.

"चिमाबाई," तो म्हणाला, "गाव उठवायचं. कुठल्या मातीत बसवायचं ते तू सांगायचं."

चाळीस उंबऱ्यांचं गाव एका बाईच्या जिभेवर आलं.

चिमा महिनाभर फिरली. नदीकडच्या काळीची वळी करंगळीहून बारीक झाली तरी तुटेना, पण वाळल्यावर तिला असे तडे गेले की भेगेत शेळीचा पाय अडकावा. "ही श्वास घेती," चिमा म्हणाली. "उन्हाळ्यात आत, पावसाळ्यात बाहेर. हिच्यावर जुंधळा निजंल, भिंत न्हाई निजायची." ओढ्याखालची खारवट चोपण दिसायला काळीची बहीण, पण ढेकूळ पाण्यात टाकलं की पाणी दुधासारखं, आणि दुसऱ्या सकाळीही ते निवळेना. ती सोडली. माळावरच्या बरडाची तर वळीच होत नव्हती, नुसता मुरूम; शिवाय पाणी नाही म्हणूनच तर उठायचं होतं.

राहिली टेकडीच्या पायथ्याची पिवळी. मऊ, जिभेला गोडसर. ढेकूळ टाकलेलं पाणी सकाळी काचेसारखं. पणती आव्यातून अशी निघाली की टिचकी मारली तर टण्ण. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एवढ्या दुष्काळातही तिथं टेकडीच्या पोटातून पाणी झिरपत होतं. बायांनी ते ओलं बघितलं आणि तिथंच बसून रडल्या, असं म्हणतात.

एकटा बिरा धनगर आडवा आला. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, अंगाला मेंढराचा वास, बोलणं त्याहून वाईट.

"चिमे, ही माती म्या चालताना बघितलीया."

"माती चालती? का तू झिंगला हुतास, आबा?"

"ल्हान हुतो गं. हत्तीचा पाऊस लागला हुता. टेकडी कमरंतनं सुटली नि खाली आली, धा मेंढरं गेली."

चिमानं आठ दोऱ्या आणून त्याच्या पुढ्यात टाकल्या. "ह्यात दाव तुझा पाऊस. आठ वर्सं पेर-पेर मोजलाय. कुठं हाय?"

बिराला दोऱ्या कशा कळणार? त्याच्याकडं गाठ नव्हती, नुसती आठवण होती. लोक हसले. त्यानं ती पणती उचलली, कानाशी वाजवली, परत ठेवली.

"मडकं तू भाजून घेतीस," तो म्हणाला. "गाव कुठं भाजणार हायेस?"

लोक आणखी हसले. इथं आमची कारभारीण, बघा ती शेंगा फोडत बसली आहे, दर वेळी म्हणते, तुम्हीही हसला असता. हसलो असतो. मी तर पहिल्या रांगेत बसून हसलो असतो.

फाल्गुनात गाव पिवळीवर गेलं. घरं उठली, गुळगुळीत पिवळ्या भिंतींची, एकालाही तडा नाही. चिमाला लोकांनी लुगडं नेसवलं. आणि त्या वर्षी मृग आला तो आठ वर्षांचं तुंबलेलं घेऊनच. लोक अंगणात नाचले. चिमा गाठी मारत होती. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. श्रावणातच दोरी संपली, तिनं दुसरी जोडली. ती संपली, तिनं पदर फाडला. नवव्या वर्षाची दोरी सोडली तर गावाला वेढा देऊन वर हातभर उरली असती, असं म्हणतात.

हत्ती लागला आणि अकरा दिवस सूर्य दिसला नाही. दहाव्या दिवशी चिमा पाटलाकडं गेली. "गाठी मोजायच्या थांबवल्यात म्या," ती म्हणाली. "लेकरंबाळं घिऊन माळावर चला." पाटील म्हणाला, "आठ दिवसांनी उघडंल. आत्ता पावसात कुठं नेऊ?" तरी निम्मं गाव उठलं. निम्मं आवराआवर करत राहिलं.

चिमाच्या घरात तिची सून रेऊ बाळंतीण होती. पाचवी पुजायची राहिली होती. पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, अशी रीत. चिमानं रीत पाळली. आयुष्यभर मातीशिवाय कुणाचं ऐकलं नाही, त्या दिवशी रीतीचं ऐकलं.

अकराव्या दिवशी, कासराभर दिवस वर आला असेल, ढगांमुळं कुणाला दिसला नाही. चिमा पूजेसाठी आघाड्याचा पाला आणायला बाहेर पडली होती. आवाज काही झाला नाही. मोठ्या म्हशीनं चिखलात बसताना टाकावा तेवढा सुस्कारा झाला. ती वळली तेव्हा घरं होती तशीच उभी होती, फक्त चालत होती. भिंतींसकट, चुलींच्या धुरासकट, ओढ्याकडं चालत होती. बिरा म्हणाला होता अगदी तशी.

सतरा माणसं गेली. रेऊ गेली. पाच दिवसांचं लेकरू गेलं, त्याला अजून नाव नव्हतं.

लोकांनी चिमाला वडाला बांधलं. हात तोडायचे असं ठरलं. कोयता आणला. तेव्हा पाटील, त्याचे स्वतःचे दोन गेले होते, खाली बसून म्हणाला, "तोडा. पर आता ऱ्हायचं कुठं, त्ये दाखवणारा दुसरा कोण हाय?" कोयता धरणाऱ्यानं तो खाली ठेवला. बिरा तिथंच होता. चिमानं त्याच्याकडं बघितलं. तो "म्या सांगितलं हुतं" असं म्हणाला नाही. उठला आणि तिच्या दोऱ्या सोडल्या.

गाव परत बरडावर आलं, पालं टाकून राहिलं, पाणी डोक्यावर वाहू लागलं. रोज कुणीतरी चिमाला विचारी, "ही माती कसली? हितं ऱ्हाऊ का?" ती म्हणे, "बारा दोऱ्या हुंद्यात. मग नाव सांगीन." आणि त्या दिवसापासून तिनं भाकरी सोडली. रोज चिमूटभर माती खाई, आज काळी, उद्या चोपण, परवा पिवळी. खाता खाता ती मातीच झाली, असं म्हणतात. वैशाखात तिच्या टाचांना काळीसारख्या भेगा पडत, त्यात करंगळी जाई. पावसाच्या तीन दिवस आधी त्या आपोआप मिटत. लोक आभाळाकडं बघायचे सोडून तिच्या टाचांकडं बघू लागले. उन्हात तिच्या गळ्यावर चोपणीसारखं पांढरं मीठ फुलायचं. आणि हत्तीच्या दिवसांत तिला झोपू देत नसत, बसवून धरत. आडवी झाली की ती घसरायची. सपाट जमिनीवर, टेकडीकडून ओढ्याकडं.

बारावी दोरी भरली. बारांत तीन ओली वर्षं, एक तर नवव्यासारखं. बरड हललं नाही. चिमानं लोकांना बोलावलं. बिरा तोवर गेला होता. त्याच्या जागेवर तिनं त्याची घोंगडी अंथरली.

"ही बरड," ती म्हणाली. "पाणी धरत न्हाई म्हणून वाईट, आन् पाणी धरत न्हाई म्हणूनच उभी ऱ्हाती. हितं बसा. पाण्याचं मी बघती."

आणि आटलेल्या आडात उतरली.

ती हातांनी खणत होती. लोक वरून पाट्या ओढत होते. आधी मुरूम आला, तो यायचाच. मग काळी आली. खाली नुसता खडक, तिथं काळी कुठली? मग चोपण आली. मग तांबडी, मग राखट, जिची नावंही कुणाला ठाऊक नव्हती अशी. एवढ्या वर्षांत चाखलेली माती ती परत करत होती, असं म्हणतात. सगळ्यात शेवटी पिवळी आली, सतरा पाट्या. वर ओढणाऱ्यांनी मोजल्या आणि मग कुणाच्यानं मोजवेना. अठरावी पाटी हलकी आली. बोटभर पाणी होतं तिच्यात, गढूळ. लोकांनी हाका मारल्या. सकाळपर्यंत पाणी निवळलं. आडात पाणी होतं, चिमा नव्हती.

तो आड अजून आहे, अजून आटला नाही. आणि आपल्या गावात अजून कुठल्याही नव्या तुकड्याला नाव द्यायचं नाही. बारा पावसाळे तो नुसता "तो" असतो. बारा दोऱ्या चावडीत टांगल्या की मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याची चिमूट जिभेवर ठेवते आणि काळी का बरड ते सांगते. हत्ती सरला त्या सकाळी प्रत्येक घर आपल्याच भिंतीचं ढेकूळ गाडग्यात टाकून उंबऱ्यावर ठेवतं. पाणी निवळेपर्यंत चूल पेटत नाही. बाळंतीण असेल तर तिला सगळ्यांत आधी उंबऱ्याबाहेर नेतात, पाचवी असो नाहीतर आणखी काही. आणि नव्या दोरीला पहिली गाठ मारायच्या आधी एखाद्या म्हाताऱ्याला विचारतात, "आबा, तुम्हाला काय आठवतंय?" तो झिंगलेला असला तरी विचारतात. मला तर दर वर्षी विचारतात.

तर मास्तर, लिहून घ्या. चिमाच्या नावानं सांगतो, या गावात पिवळीवर कुणी विटेवर वीट ठेवली नाही आणि ठेवणार नाही.

कारभारणीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"आन् सडकंला लागून हाय म्हणून थोरल्या पोराच्या बंगल्याच्या पायाची चुन्याची फक्की परवा पिवळीवर टाकलीसा, ती कुणाच्या नावानं?"