बिनडोळ्यांचे चित्र

फार पूर्वी, गडागडांवर पहारे असत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक चितारी राहत होता. लढाईची चित्रे काढावीत तर त्यानेच! पण गडी भारी मानी. चित्रातले डोळे तो अगदी शेवटी काढायचा, आणि तेव्हा कुंचल्याला दुसऱ्या कुणाचा वाराही लागू द्यायचा नाही.

दसऱ्याच्या दरबारात ज्याचे चित्र उजवे ठरेल, तो राजचितारी होणार होता. आपल्या चिताऱ्याने लांबलचक पटावर घनघोर युद्ध रंगवले आणि तो राजधानीकडे निघाला.

वाटेत एक गड लागला. पलीकडच्या खिंडीत शत्रू तळ ठोकून होता, त्यामुळे शिपायांना गड सोडायची मुभा नव्हती. त्यांच्या बायकापोरांची वस्ती तर पायथ्यालाच! झाडीतून घरचा धूर दिसे, घर दिसत नसे. माणसे पार खचली होती.

किल्लेदार चिताऱ्याला म्हणाला, "तुमचं चित्र दाखवा यांना. जरा हुरूप येईल. नाहीतर हा गड काही तग धरत नाही."

चिताऱ्याने ऐटीत पट उलगडला. हत्ती, घोडे, रक्ताचे पाट! कुणी वाहवा म्हणेना. एक म्हातारा हवालदार तेवढा बोलला, "चितारीबुवा, तलवारी आम्ही रोजच बघतो. आमच्या घरचं काही काढता येईल का?"

चिताऱ्याला ते चांगलेच झोंबले. तो तणतणत गड उतरला. वस्तीत पाणी प्यायला थांबला, तर बायकांनी त्याला गराडा घातला. एकीने बोट धरून चालणारी पोर पुढे केली. "ही चालायला लागली, एवढं तरी कळवा हो हिच्या बापाला!"

चिताऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला. पण पट तर एकच होता, आणि त्यावरच राजचितारीपद मिळायचे होते. बराच वेळ तो त्या हत्तीघोड्यांकडे बघत बसला. मग सुस्कारा टाकून त्याने सगळ्या युद्धावर पांढऱ्या मातीचा लेप दिला. त्या जागी दारातली जास्वंद आली, उखळ आले, लंगडा कुत्रा आला, दारोदारी उभी माणसे आली.

डोळे मात्र त्याने काढले नाहीत. गडावर जाऊन कुंचला शिपायांपुढे धरला. "आपापल्या माणसांचे डोळे तुम्ही काढा. तुम्हाला ते पाठ आहेत."

एक तरुण शिपाई आपल्या लेकीच्या चित्रापाशी थबकला. "ही उभी आहे?"

"उभी कसली, गावभर फिरते!"

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. तशातच त्याने लेकीचे डोळे काढले. बाकीच्यांनीही कुंचला घेतला. पण तलवारीचे हात ते! कुणाची बायको तिरळी झाली, कुणाची आई घुबडासारखी बघू लागली. "घरी कळलं तर जेवण मिळायचं नाही तुला!" हवालदार म्हणाला, आणि सारा गड खदखदून हसला. मग डफही निघाले.

खिंडीतल्या शत्रूने तो दणदणाट ऐकला. खचलेली माणसे अशी हसत नाहीत, यांना नवी कुमक येणार असल्याचा सांगावा आला असणार, असे वाटून ती पोचायच्या आत त्याने घाईघाईने हल्ला केला. पण शिपायांना आता घर दिसत होते. त्यांनी असा मार दिला की शत्रू तळ टाकून पळत सुटला.

दरबार हुकला. राजचितारी दुसराच झाला. पण आपला चितारी शिपायांच्या खांद्यावर बसून, वाजतगाजत गड उतरला. वस्तीच्या तोंडाशी ती पोर दुडुदुडु चालत बापाकडे आली. बापाने तिला उचलले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो ओशाळून म्हणाला, "चुकलं की हो! मी डोळे फार बारीक काढले."

"राहू द्या तसेच," चितारी म्हणाला. "इतकं चांगलं चित्र माझ्या हातून कधी झालं नव्हतं."

तात्पर्य: लढणाऱ्याला शौर्य शिकवू नये, तो कुणासाठी लढतो ते त्याला दाखवावे. कलावंताने कुंचला पुढे केला, तर खचलेला गडही उभा राहतो.